सीएसएस कुठे गेलं? प्रॉक्सीमागे हरवलेल्या पत्त्याची तीस वर्षांची गोष्ट

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘काय ना’ थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. पत्ते आणि कमांड उच्चारासारखेच लिहिलेत. ऐकणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला एकच मजकूर मिळावा म्हणून.)

आजची गोष्ट एका उघड्याबोडक्या पानापासून सुरू होते.

तीन वर्षांपूर्वीचा एप्रिल. माझ्या मामाच्या गावात टँकर सुरू झाले होते. कोणत्या वाडीला कोणत्या दिवशी, किती वाजता टँकर येणार, हे ग्रामपंचायतीबाहेरच्या फळ्यावर लिहायचे. वाडीवरच्या बायकांना तो फळा बघायला दोन किलोमीटर चालत यावं लागायचं. मध्येच वेळ बदलली की हंडे रांगेत लावून अख्खी सकाळ फुकट. मी आणि माझा मित्र तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. आम्ही म्हटलं, छोटंसं वेब ॲप करू. फोनवर उघडलं की आपल्या वाडीची वेळ दिसेल, बस्स. एका संस्थेने त्यांच्या सर्व्हरवर जागा दिली. त्यांची मुख्य साइट होतीच, तिच्याच पोटात ‘स्लॅश पाणी’ या पत्त्यावर आमचं ॲप.

शनिवारी संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात तीस-चाळीस माणसं जमली. सगळ्यांनी फोन काढले, पत्ता टाकला. आणि पान उघडलं ते असं: पांढरी पार्श्वभूमी, काळी जाडी अक्षरं, निळ्या अधोरेखित लिंका एकाखाली एक, आणि टँकरच्या चित्राच्या जागी फाटक्या कागदाची खूण. आम्ही महिनाभर बसून केलेली मांडणी गायब. त्यात मामाने ‘लॉगिन’ दाबलं, तर संस्थेच्या मुख्य साइटचं पहिलं पान उघडलं. बचत गटाच्या एक ताई पुढेच बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “बाळा, यापेक्षा फळा बरा होता की.”

त्या रात्री मी मित्राला म्हटलं, “तूच काहीतरी बदललंस.” तो म्हणाला, “माझ्या लॅपटॉपवर चालतंय. सर्व्हर तू लावलास.” दोघंही खरं बोलत होतो, आणि दोघंही चुकत होतो. चूक त्याच्या कोडमध्ये नव्हती आणि माझ्या सर्व्हरमध्येही नव्हती. ती मधल्या जागेत होती. ती मधली जागा कशी तयार झाली, हे मला फार नंतर कळलं, आणि आजचा भाग त्याबद्दल आहे.

पत्ता म्हणजे कपाटातली जागा

१९८९ च्या मार्चमध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबचा पहिला प्रस्ताव मांडला. १९९१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी हे काम जगासमोर जाहीर केलं. पहिल्या वेबपानाचा पत्ता नीट ऐका: इन्फो डॉट सर्न डॉट सीएच, स्लॅश हायपरटेक्स्ट, स्लॅश डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, स्लॅश दप्रोजेक्ट डॉट एचटीएमएल.

काय दिसतंय यात? फोल्डर, त्यात फोल्डर, त्यात फाइल. म्हणजे पत्ता जवळजवळ डिस्कवरची जागाच सांगायचा. कपाट, कप्पा, वही. सर्व्हरचं काम काय, तर पत्ता वाचायचा, कप्पा उघडायचा, वही काढून द्यायची. तेव्हा ‘स्टॅटिक फाइल’ असा वेगळा शब्द वापरायचं कारणच नव्हतं, कारण जवळपास सगळ्याच फाइली स्टॅटिक होत्या.

पण त्या पहिल्या सर्व्हरमध्येही एक गंमत होती. सर्नच्या सर्व्हरच्या सेटिंग फाइलमध्ये नियम लिहिता यायचे: मॅप, पास, फेल. ‘मॅप’ म्हणजे मागितलेला पत्ता बदलून दुसरा धर. ‘पास’ म्हणजे हे द्यायला हरकत नाही. ‘फेल’ म्हणजे नकार दे. नियम वरून खाली वाचले जायचे. ज्याला आपण आज राउटिंग म्हणतो, त्याचं हे बाळरूप. म्हणजे बाहेरचा पत्ता आणि आतली जागा या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे अगदी सुरुवातीपासून माहीत होतं. फक्त ते सांभाळणारा माणूस एकच होता, एकच सर्व्हर होता, म्हणून घोटाळा होत नव्हता.

पत्त्याचे दोन तुकडे

१९९३. आता अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात जाऊ. तिथल्या एनसीएसए या केंद्रात मोझॅक ब्राउझर तयार झाला, आणि तिथेच रॉब मॅकूल यांनी एनसीएसए एचटीटीपीडी हा वेब सर्व्हर लिहिला. याच काळात सीजीआय आलं, म्हणजे कॉमन गेटवे इंटरफेस. कल्पना साधी: पत्त्यावर फाइल सापडली तर ती जशीच्या तशी द्यायची, आणि प्रोग्रॅम सापडला तर तो चालवायचा आणि त्यातून जे बाहेर पडेल ते पाठवायचं.

पण प्रोग्रॅमला काय सांगायचं? समजा पत्ता आहे ‘स्लॅश सीजीआय-बिन स्लॅश शोध स्लॅश पुस्तकं स्लॅश मराठी’. यात ‘शोध’ हा प्रोग्रॅम आहे. तर सर्व्हर पत्त्याचे दोन तुकडे करतो. ‘सीजीआय-बिन स्लॅश शोध’ इथपर्यंतचा तुकडा ‘स्क्रिप्ट नेम’ या नावाने देतो, आणि उरलेला ‘पुस्तकं स्लॅश मराठी’ हा ‘पाथ इन्फो’ या नावाने.

हे दोन शब्द लक्षात ठेवा, आजच्या भागाचा जीव यांच्यात आहे. स्क्रिप्ट नेम सांगतं, ‘तू कुठे राहतोस’. पाथ इन्फो सांगतं, ‘तुझ्याकडे काय मागितलंय’. प्रोग्रॅमला दोन्ही कळायला हवं. काय मागितलंय ते कळलं नाही तर उत्तर चुकेल. आणि कुठे राहतो ते कळलं नाही, तर उत्तर बरोबर असेल पण त्यात लिहिलेल्या सगळ्या लिंका चुकतील.

आमचं टँकरचं पान आठवा. वेळापत्रक बरोबर होतं, अक्षर न् अक्षर. लिंका चुकल्या होत्या. म्हणजे आमच्या ॲपला त्याचं स्क्रिप्ट नेम कुणी सांगितलंच नव्हतं. १९९३ मध्ये सुटलेला प्रश्न आम्ही सभामंडपात परत उभा केला होता.

दारावरचा माणूस

मग मध्ये प्रॉक्सी कुठून आला? १९९४ च्या मे महिन्यात सर्नमध्ये वेबची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे सर्नचे अरी लुओटोनेन आणि इंटेलचे केविन अल्टिस यांनी वेब प्रॉक्सीवरचा निबंध मांडला. अडचण अशी होती की मोठ्या कंपन्यांची नेटवर्कं फायरवॉलच्या आत बंद होती. आतल्या माणसाला थेट बाहेर जाता येत नव्हतं. म्हणून फायरवॉलवर एक सर्व्हर बसवायचा, आतल्यांनी त्याला सांगायचं, त्याने बाहेर जाऊन पान आणून द्यायचं.

या निबंधात एक बारीक गोष्ट आहे. ब्राउझर जेव्हा थेट सर्व्हरकडे जायचा, तेव्हा तो फक्त मार्ग सांगायचा: ‘स्लॅश अमुक स्लॅश तमुक द्या’. कोणत्या साइटचं, ते सांगायचाच नाही. सांगायची गरजच काय, दारातच तर उभा आहे! पण प्रॉक्सीशी बोलताना त्याला पूर्ण पत्ता द्यावा लागायचा, कारण प्रॉक्सी विचारणार, “कुणाच्या घरी जाऊ?”

बघा, म्हणजे सुरुवातीच्या वेबमध्ये सर्व्हरला स्वतःचं नावसुद्धा ब्राउझरकडून कळत नव्हतं. एका मशीनवर दोन साइट ठेवायच्या तर दोन वेगळे आयपी पत्ते घ्यावे लागत. हे दुरुस्त झालं जानेवारी १९९७ मध्ये, एचटीटीपी १.१ च्या आरएफसी २०६८ या दस्तऐवजात. त्याने ‘होस्ट’ हा हेडर सक्तीचा केला. प्रत्येक मागणीबरोबर साइटचं नाव. हरवलेली माहिती परत मिळवण्याची ही पहिली मोठी दुरुस्ती.

उलटा फिरवलेला प्रॉक्सी

लवकरच लोकांच्या लक्षात आलं, हाच दारवान उलटा उभा करता येईल. आतल्यांना बाहेर नेणारा नको, बाहेरून येणाऱ्यांना आत कुठे जायचं ते दाखवणारा. हा रिव्हर्स प्रॉक्सी. १९९६ मध्ये सुरू झालेल्या स्क्विडमध्ये याला ‘ॲक्सिलरेटर’ म्हणायचे, कारण तो आधी दिलेली पानं जवळ ठेवून वेग वाढवायचा.

याची गरज का पडली, त्याचं गणित करू. नव्वदच्या दशकातला २८.८ किलोबिटचा मोडेम. १०० किलोबाइटचं चित्र उतरायला जवळजवळ अर्धा मिनिट. आता सर्व्हरवर पर्लमध्ये लिहिलेलं ॲप्लिकेशन आहे, त्याची एकेक प्रोसेस कित्येक मेगाबाइट मेमरी खाते. ती प्रोसेस अर्धा मिनिट काय करतेय? चित्र थेंबथेंब ओततेय. म्हणजे हेडमास्तरांना गेटवर उभं करून वह्या वाटायला लावल्यासारखं! मग उपाय निघाला: पुढे एक हलका सर्व्हर ठेवा, तो चित्रं आणि स्टॅटिक फाइली देईल. जड ॲप मागे ठेवा, त्याच्याकडे फक्त डोकं चालवायचं काम पाठवा.

१९९९ मध्ये डॅन केगेल यांनी ‘सी-टेन-के’ हा प्रश्न मांडला: एका सर्व्हरने एकाच वेळी १०,००० जोडण्या कशा सांभाळायच्या? मॉस्कोत रॅम्बलर या कंपनीत काम करणाऱ्या इगोर सिसोएव्ह यांनी २००२ मध्ये यावरचं काम सुरू केलं, आणि ऑक्टोबर २००४ मध्ये इंजिनएक्स सगळ्यांसाठी खुलं केलं. पुढे इंजिनएक्स, मागे ॲप ही जोडी घराघरांत पोचली. तुम्ही आज कुठलंही ट्यूटोरिअल बघा, हेच चित्र असतं.

पण या सोयीची किंमत होती. आधी फाइल आणि प्रोग्रॅम एकाच कपाटात होते. आता घर फुटलं. फाइली दारवानाकडे, प्रोग्रॅम आतल्या खोलीत. आणि आतल्या खोलीला वाटतं, ‘मीच अख्खं घर आहे’.

शहरात पीजी म्हणून राहिलेल्यांना हे पटकन कळेल. पार्सल मागवताना तुम्ही ‘मार्फत अमुक काका, तमुक सोसायटी’ असं लिहिता. फक्त ‘मधली खोली’ लिहिलं तर पार्सल येईल का? प्रॉक्सीमागचं ॲप कायम मार्फत राहतं. ते विसरलं की पानातल्या सगळ्या लिंकांवर ते ‘मधली खोली’ एवढंच लिहून मोकळं होतं.

अपाचेच्या १.३ मालिकेत यासाठी ‘प्रॉक्सीपास-रिव्हर्स’ नावाची सोय आली. मागच्या ॲपने ‘आता अमुक पत्त्यावर जा’ असं हेडरमध्ये सांगितलं, तर दारवान तो पत्ता बाहेरच्या जगासाठी दुरुस्त करून पाठवायचा. पण तो फक्त काही हेडर बघतो. एचटीएमएलच्या आत लिहिलेल्या लिंकांना हात लावत नाही. पाकिटावरचा पत्ता सुधारतो, आतलं पत्र उघडत नाही. इथेच अनेक जण फसतात: रिडायरेक्ट बरोबर चालतं, म्हणून सगळं चालेल असं वाटतं, आणि सीएसएस मात्र बेपत्ता.

लॅपटॉपवर का चालतं?

मित्राचं वाक्य होतं ना, “माझ्या लॅपटॉपवर चालतंय”? त्याचंही उत्तर इतिहासात आहे. कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी एक वर्तमानपत्र होतं, लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड. तिथे २००३ मध्ये एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी बातम्यांच्या साइटसाठी जे घडवलं, तेच जुलै २००५ मध्ये जँगो या नावाने खुलं झालं. आमचं ॲप जँगोवरच होतं.

जँगोचं म्हणणं पहिल्यापासून स्पष्ट होतं: फाइली वाटणं माझं काम नाही, ते पुढच्या सर्व्हरचं. पण शिकताना, घरी काम करताना प्रत्येकाने कुठे पुढचा सर्व्हर लावत बसायचं? म्हणून सरावाच्या सर्व्हरमध्ये सवलत दिली. मार्च २०११ च्या १.३ आवृत्तीत ‘स्टॅटिकफाइल्स’ हा भाग आला. डीबग चालू असेल तर सरावाचा सर्व्हर स्वतःच सीएसएस, चित्रं शोधून देतो. डीबग बंद केलं की सवलत संपली. मग ‘कलेक्टस्टॅटिक’ चालवून सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये गोळा करायच्या, आणि इंजिनएक्सला सांगायचं, “हे फोल्डर तुझं.”

म्हणजे लॅपटॉपवर घर फुटलेलंच नसतं. तिथे दारवान नाही, मार्फत नाही, पत्त्यात ‘पाणी’ नाही. मित्र खोटं बोलत नव्हता. तो १९९१ च्या जगात तपासत होता आणि मी २००४ च्या जगात चालवत होतो.

एक स्लॅश

आता राउटिंग. जून १९९५ मध्ये रॉय फील्डिंग यांच्या आरएफसी १८०८ ने सापेक्ष पत्ते कसे वाचायचे ते ठरवलं. नियम सोपा आहे. लिंक स्लॅशने सुरू झाली तर साइटच्या मुळापासून मोजा. स्लॅश नसेल तर सध्याच्या पानाच्या जागेपासून मोजा. आमच्या पानात लिहिलं होतं ‘स्लॅश स्टॅटिक स्लॅश स्टाइल डॉट सीएसएस’. ब्राउझर म्हणाला, मुळापासून ना? मग संस्थेच्या मुख्य साइटकडे गेला. ‘पाणी’ वाटेतच गळलं. ‘स्लॅश लॉगिन’चंही तेच झालं. मामाच्या फोनने अगदी नियमाप्रमाणे काम केलं होतं.

दुसरा स्लॅश इंजिनएक्सचा. ‘प्रॉक्सी पास’च्या ओळीत मागच्या ॲपचा पत्ता लिहिताना शेवटी स्लॅश दिला, तर इंजिनएक्स ‘स्लॅश पाणी स्लॅश’ हा जुळलेला भाग काढून त्या जागी नुसता स्लॅश ठेवतो आणि पुढे पाठवतो. स्लॅश दिला नाही, तर पत्ता जसाच्या तसा जातो. मी स्लॅश दिला होता. का? ट्यूटोरिअलमध्ये होता म्हणून. माझ्या त्या एका खुणेमुळे ॲपला ‘पाणी’ हा शब्द कधी ऐकूच गेला नाही.

तिसरा स्लॅश धोक्याचा आहे, म्हणून जरा थांबतो. इंजिनएक्समध्ये स्टॅटिक फोल्डर ‘एलियस’ने जोडताना वरच्या ‘लोकेशन’ला शेवटचा स्लॅश दिला नाही आणि एलियसला दिला, तर कुणीही ‘स्टॅटिक’ला दोन टिंबं चिकटवून एक फोल्डर वर जाऊ शकतो. तिथे काय असतं? तुमची सेटिंग फाइल, तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड. २०१८ च्या ब्लॅक हॅट परिषदेत ऑरेंज त्साई या सुरक्षा संशोधकाने हा प्रकार सगळ्यांसमोर मांडला. सीएसएस दिसायला लागलं म्हणून खूश होऊन झोपू नका. दोन्हीकडे स्लॅश आहे ना, ते बघा.

सगळं हिरवं, तरी चुकलेलं

त्या रात्री आमचे चार तास कशात गेले सांगू? ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये सीएसएसच्या मागणीपुढे ४०४ दिसत नव्हतं. २०० दिसत होतं. हिरवंगार. फाइल मिळाली म्हणतोय, मग रंग का नाही?

याचंही कारण इतिहासात आहे. २०१० च्या आसपास ब्राउझरमध्ये हिस्टरी एपीआय आलं. जावास्क्रिप्टला पान न बदलता वरचा पत्ता बदलता यायला लागला. म्हणजे राउटिंगचा एक हिस्सा ब्राउझरकडे गेला. पण कुणी असं पान रिफ्रेश केलं तर सर्व्हर म्हणणार, अशी फाइल माझ्याकडे नाही. मग सगळीकडे एक युक्ती रूढ झाली: इंजिनएक्सच्या ‘ट्राय फाइल्स’मध्ये सांगायचं, फाइल सापडली तर दे, नाहीतर गुपचूप इंडेक्स डॉट एचटीएमएल दे.

संस्थेची मुख्य साइट याच पद्धतीची होती. तिच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. आमचं सीएसएस तिच्याकडे मागितलं गेलं, तिला ते सापडलं नाही, तिने आपलं पहिलं पान दिलं, आणि वर २०० चा शिक्का मारला. ब्राउझरने पाहिलं, सीएसएस मागितलं तर एचटीएमएल आलंय, त्याने ते बाजूला टाकलं. मामाला लॉगिनऐवजी पहिलं पान दिसलं, तेही याचमुळे. जावास्क्रिप्ट मागून असं झालं तर कन्सोलमध्ये ‘अनपेक्षित चिन्ह’ म्हणून त्रिकोणी कंसाची तक्रार दिसते. ती दिसली की ओळखा: ही कोडची चूक नाही, भलत्याच घरचं पार्सल आलंय.

निरोप कोण पोचवणार?

प्रॉक्सीमुळे काय काय हरवतं, ते लोकांना एकेक करून कळत गेलं, आणि प्रत्येक वेळी एक ठिगळ लागलं. ॲपला सगळे पाहुणे प्रॉक्सीच्याच आयपीवरून आलेले दिसायला लागले, म्हणून स्क्विडच्या लोकांनी ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ काढलं. बाहेर एचटीटीपीएस, आत साधं एचटीटीपी, त्यामुळे ॲप म्हणायचं “सुरक्षित पत्त्यावर जा”, प्रॉक्सी परत तीच मागणी आणून द्यायचा, आणि पान गोल गोल फिरायचं. म्हणून ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’. बाहेरचं नाव हरवतं, म्हणून ‘एक्स-फॉरवर्डेड-होस्ट’.

जून २०१४ मध्ये ऑपेरा कंपनीच्या दोन अभियंत्यांनी लिहिलेला आरएफसी ७२३९ आला. त्याने ‘फॉरवर्डेड’ असा एकच नीटनेटका हेडर दिला: कुणासाठी, कुणामार्फत, कोणतं नाव, कोणता प्रोटोकॉल. पण त्या चार गोष्टींत ‘पत्त्याचा कोणता भाग काढून टाकला’ ही पाचवी गोष्ट नाही. त्यासाठी ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रीफिक्स’ आजही रूढीनेच चालतं. काही फ्रेमवर्क त्याला ओळखतात, काही ओळखत नाहीत. आमचं ‘पाणी’ नेमकं या फटीत पडलं होतं.

आणि एक काळजी. हे हेडर म्हणजे फक्त निरोप आहेत. बाहेरचा कुणीही खोटा निरोप लिहून पाठवू शकतो. म्हणून तुमच्या प्रॉक्सीने ते स्वतः नव्याने लिहावेत, आणि ॲपने फक्त त्याच प्रॉक्सीचे मानावेत.

पायथॉनच्या दुनियेत डिसेंबर २००३ मध्ये फिलिप एबी यांनी पेप ३३३ लिहिलं, डब्ल्यूएसजीआयचं. त्यात सर्व्हर आणि ॲप यांनी कसं बोलायचं ते ठरलं. आणि त्यांनी कोणते शब्द घेतले? सीजीआयचेच: स्क्रिप्ट नेम आणि पाथ इन्फो. मग ऑगस्ट २०२० मध्ये जँगो ३.१ आलं. त्यात सोय झाली की स्टॅटिकचा पत्ता सुरुवातीच्या स्लॅशशिवाय लिहिला, तर जँगो स्वतःच त्याच्यापुढे स्क्रिप्ट नेम लावेल. १९९३ ते २०२०. सत्तावीस वर्षांनी तोच शब्द सीएसएसच्या लिंकपर्यंत पोचला!

मग आम्ही काय केलं?

पहाटे आम्ही भांडून थकलो आणि तेव्हा कुठे नीट बघायला लागलो. शेवटी बदललं ते एवढंच. एक, प्रॉक्सी पासच्या शेवटचा स्लॅश काढला, म्हणजे पूर्ण पत्ता आत जाईल. दोन, ॲप चालवणाऱ्या गनिकॉर्नला स्क्रिप्ट नेम ‘स्लॅश पाणी’ आहे असं सांगितलं. तीन, जँगोच्या सेटिंगमधल्या स्टॅटिकच्या पत्त्यापुढचा स्लॅश काढला. चार, इंजिनएक्सला ‘पाणी स्लॅश स्टॅटिक’चं फोल्डर दाखवलं. पाच, टेम्प्लेटमध्ये हाताने लिहिलेले ‘स्लॅश लॉगिन’सारखे पत्ते काढून जँगोलाच पत्ता बनवायला सांगितलं.

तरी सीएसएस आलं नाही! आता ४०३. का, तर फाइली माझ्या होम फोल्डरमध्ये होत्या, आणि इंजिनएक्स वेगळ्या युजरच्या नावाने चालतो. उबंटूच्या २१.०४ आवृत्तीपासून नवं होम फोल्डर इतरांना बंद असतं. जुन्या ट्यूटोरिअलमध्ये ते उघडं असायचं. फाइली बाहेरच्या फोल्डरमध्ये हलवल्या आणि पान सजून आलं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी सेटिंग बदलत सुटू नका. आधी विचारा: या मागणीला उत्तर कोण देतंय? नेटवर्क टॅब उघडा आणि तीन गोष्टी वाचा: ब्राउझरने नेमका कोणता पत्ता मागितला, आकडा काय आला, आणि कंटेंट-टाइप काय आलं. मग सर्व्हरवर जाऊन कर्लने ॲपला थेट त्याच्या पोर्टवर विचारा. मग तेच प्रॉक्सीतून विचारा. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा. इंजिनएक्सचा लॉग आणि ॲपचा लॉग एकाच वेळी उघडे ठेवा. मागणी कोणत्या लॉगमध्ये दिसते आणि कोणत्यात दिसत नाही, यावरून ती कुठे वळली ते कळतं. ४०४ म्हणजे जागा चुकली, ४०३ म्हणजे दार बंद, ५०२ म्हणजे आतल्या खोलीतून धड उत्तरच आलं नाही. आणि २०० म्हणजे सगळं ठीक, असं कधीही समजू नका.

सोमवारी मामाने परत फोन फिरवला. त्या ताईंनी पान उघडलं, आपली वाडी शोधली, वेळ बघितली. कौतुक वगैरे काही नाही. फक्त म्हणाल्या, “उद्या साडेसातला येणार म्हणतंय. येऊ दे, मग बघू.” मंगळवारी टँकर पावणेआठला आला. फळा मात्र गावाने काढला नाही, आणि ते बरंच केलं, कारण सगळ्यांकडे फोन नव्हते.

मित्राला मी सॉरी म्हणायला आणखी दोन आठवडे लावले. त्या रात्री मी त्याला जे बोललो, ते सीएसएसपेक्षा जास्त महाग पडलं असतं. प्रॉक्सीमागच्या ॲपमध्ये चूक शोधताना आपण माणूस शोधतो, कारण माणूस समोर असतो. मधली जागा दिसत नाही. वेबच्या तीस वर्षांत होस्टपासून प्रीफिक्सपर्यंत जी ठिगळं लागली, ती सगळी त्याच मधल्या जागेसाठी होती. ॲपला त्याचा बाहेरचा पत्ता आपोआप कळत नाही. तो कुणीतरी सांगावा लागतो, आणि कोण सांगणार ते दोघांनी आधी बसून ठरवावं लागतं.

तर मंडळी, तुमचं कुठलं पान असं उघडंबोडकं उघडलं होतं आणि शेवटी कारण काय निघालं, ते आवाजी निरोपात पाठवा. आणि हा भाग त्या मित्राला नक्की पाठवा, जो म्हणतो, “माझ्या लॅपटॉपवर चालतंय.” तो खरं बोलतोय. भेटू पुढच्या भागात!